एकसष्टावी घटका

"राहू, का दुसरीकडं बघू?"

मठाच्या पायरीवर बूड टेकायच्या आधीच लिंबाजीनं विचारलं. तीन कोस चालून आला होता, घशाला कोरड पडली होती, तरी पाण्याच्या आधी त्याला उत्तर हवं होतं.

मंगळगिरीबुवा पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. हातातली शेंग त्यांनी सोलून पुरी केली. मग वर बघितलं.

"बस आधी. पाणी पी."

"पाणी पितो मागनं. आधी सांगा."

"काय सांगू? तू कोण, हेसुद्धा मला अजून कळलेलं नाही."

हे लिंबाजीला जरा लागलंच. लिंबाजी घट्याला ओळखत नाही असा माणूस सगळ्या देवखडी संस्थानात त्याला आजवर भेटला नव्हता.

देवखडीच्या राजवाड्याच्या देवडीत पाण्यानं भरलेलं एक मोठं घंगाळ असे. त्यात तांब्याचं वाटीएवढं पात्र तरंगत असे. पात्राच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू वर चढायचं, आणि पात्र भरून बुडालं की एक घटका झाली. मग लिंबाजी काशाच्या थाळीवर टोला द्यायचा, पात्र काढून रिकामं करायचा आणि पुन्हा पाण्यावर सोडायचा. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत अशा साठ घटका.

त्या टोल्यावर गावाच्या चुली पेटत, कचेरी उघडे, लग्नं लागत. चार पिढ्या हे काम घट्यांच्या घराण्यात होतं, आणि लिंबाजी स्वतः अठरा वर्षं करत होता. त्यामुळे त्याची मान जरा ताठ असायची. सूर्यसुद्धा आपल्याला विचारून उगवतो, असं त्याला वाटत असावं, असं गावातले टवाळ लोक म्हणत.

"लिंबाजी घटे," तो म्हणाला. "देवखडीचा."

"म्हणजे वेळ सांगणारा."

"तोच."

"मग बरोबर. घाई असणारच."

बुवांनी पुढची शेंग उचलली.

या बुवांची पंचक्रोशीत एक ख्याती होती. उत्तर मागायला गेलेला माणूस त्यांच्याकडून चार प्रश्न घेऊन परतायचा. म्हणून शहाणीसुरती माणसं तिकडे फारशी फिरकत नसत. लिंबाजीला बायकोनं, सारजानं, ढकलून पाठवलं होतं. घरात कुढत बसून तुम्ही माझं डोकं खाता, त्यापेक्षा बुवांचं खा, असं ती म्हणाली होती.

"सरकारांनी यंत्र आणलंय," लिंबाजी सांगू लागला. "घड्याळ. सातासमुद्रापलीकडनं. माणसाएवढं हाय. त्याच्यासाठी मनोरा बांधायला घेतलाय. तो झाला की ते वर चढणार आणि आपलं आपण टोले देणार."

"आपलं आपण?"

"व्हय. माणूस लागत न्हाई म्हणं."

"मग सरकार तुला काय म्हणाले?"

"काय न्हाई."

"कारभारी?"

"कारभारी म्हणाले, 'लिंबाजी, तुझं बघू.'"

"कसं म्हणाले?"

"कसं म्हंजे?"

"हसून म्हणाले, का गंभीरपणे?"

लिंबाजी विचारात पडला. गेला महिनाभर ते 'बघू' त्याच्या डोक्यातून जात नव्हतं, पण हे काही त्यानं आठवून बघितलं नव्हतं.

"पान लावत होते," तो शेवटी म्हणाला.

"आणि काय बघणार, असं तू विचारलं नाहीस?"

"चाकरीतल्या माणसानं विचारायचं असतं का ते?"

"मला काय ठाऊक. मी कधी चाकरी केली नाही. म्हणून विचारतोय."

...

लिंबाजीनं मग सगळंच ओतलं. दोन मुक्कामांवर भीमेश्वराचं देवस्थान होतं. तिथला घटका मोजणारा म्हातारा पौषात गेला. त्यांना माणूस हवा होता. त्यांचा निरोपही येऊन गेला होता.

"मग जाऊन आलास?"

"न्हाई."

"का?"

"बुवा, मी तिथं तोंड दाखवलं आणि सरकारांच्या कानावर गेलं, की लिंबाजी दुसरं दार ठोठावतोय, तर? काढणार नसले तरी काढतील."

"आणि नाही गेलास तर?"

"मनोरा झाला की इथनं काढतील. तोवर तिथली जागा भरल्याली असंल. घरात दोन पोरी हायत, बायको हाय, एक ठार बहिरा चुलता हाय. आणि मला दुसरं काय येत न्हाई, बुवा. नांगर धरता येत न्हाई, तराजू धरता येत न्हाई. पात्र बुडालं की उचलायचं, एवढंच येतंय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालंय."

बुवांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पण त्यांच्या डोळ्यांत अजून काहीतरी होतं, गारुड्याची टोपली उघडायच्या आधी पोरांच्या डोळ्यांत असतं तसं.

"ते यंत्र कसं आहे रे?"

"मी बघितलं न्हाई."

"मनोऱ्यात ठेवलंय?"

"न्हाई, देवडीतच उभं केलंय. माझ्या घंगाळापासनं दहा पावलांवर. चालवून बघत्यात."

"आणि तू बघितलं नाहीस?"

"मान फिरवून जातो."

"रोज?"

"रोज."

बुवा हसले नाहीत. एक दाणा घरंगळत पायरीवर गेला होता, तो त्यांनी उचलून टोपलीत टाकला.

"कंबरेला काय बांधलंयस?"

लिंबाजीची मान पुन्हा ताठ झाली. त्यानं शेला सोडून आतलं पात्र काढलं आणि दोन्ही तळहातांवर धरलं. पात्र असं लखलखत होतं की पडवीच्या छतावर उजेडाचा एक ठिपका नाचू लागला.

"पणजोबांचं हाय. ह्याला मी कुणाच्या हाती देत न्हाई. आजच्या दिवस चुलता आजोबांच्या जुन्या पात्रावर भागवतोय. पर पहाटेच्या आत मला पोचायला पायजे. पहाटेची पाळी माझी. सहा वर्षांत एकदाबी चुकवली न्हाई. तापानं फणफणलो होतो, तरी जाऊन बसलो."

"फार निष्ठा."

"सारजाबी तेच म्हणती," लिंबाजी म्हणाला आणि पात्राकडे बघत राहिला.

"छान घासलंयस."

"रोज घासतो. चिंच आणि राख लावून. बाभळीच्या काट्यानं भोक साफ करतो. आमचे वडील नुसतं अमावास्येला घासायचे, पर मी रोज."

"म्हणजे तुमच्याकडे दोन पात्रं आहेत," बुवा म्हणाले. "दोन्ही कधी एकदम पाण्यात सोडलीस?"

लिंबाजी दचकला.

"न्हाई, न्हाई. एका पाण्यात दोन पात्रं सोडायची नसत्यात."

"का?"

"घराण्याची रीत हाय. वडलांनी सांगितलं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या वडलांनी."

"आणि त्यांना कशाची भीती वाटत होती?"

रीत म्हणजे रीत, तिच्या पोटात कुणाची भीती असेल, हे लिंबाजीच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

...

बुवा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात पाण्याची परात होती आणि दुसऱ्या हातात एक काळंमिट्ट पात्र. आसपासच्या गावांत लग्न असलं की मुहूर्तासाठी लोक ते मठातून मागून न्यायचे. कधी परत आणून देताना धुवायचे, कधी नाही.

त्यांनी परात पडवीत ठेवली. काळं पात्र पाण्याच्या काठाशी धरलं आणि लिंबाजीकडे बघत राहिले.

"मला बघायचंय काय होतं ते," ते म्हणाले. "तुला नाही बघायचं?"

लिंबाजीला बघायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला अठरा वर्षं हेच बघायचं होतं. माणसाचं असंच असतं. झाकलेल्या भांड्याभोवती तो घिरट्या घालतो आणि वर सांगतो की मला भूक नाही.

त्यानं पात्र पाण्याजवळ नेलं.

दोघांनी एकदम सोडलं.

एक लखलखीत, एक काळं. दोन्ही पात्रं परातीत तरंगू लागली. बुवा पुन्हा शेंगा सोलू लागले. लिंबाजीनं मात्र नजर काढली नाही. आत पाण्याचा बारीक टिपका दिसला, मग तो पसरला, मग पात्रं जड होत खाली बसू लागली.

मठाच्या मागं कुणीतरी गाईला हाक मारत होतं. ऊन पायरीवरून खाली सरकलं.

...

लखलखीत पात्र आधी बुडालं.

काळ्याचा काठ अजून नखभर पाण्याच्या वर होता. लिंबाजी न सांगता श्वास मोजू लागला. एका घटकेचे तीनशेसाठ श्वास, हे त्याला आजोबांनी शिकवलं होतं. एक, दोन, तीन... अठराव्या श्वासाला काळं पात्र बुडालं.

"तुमचं चुकतंय," लिंबाजी म्हणाला. सुटल्यासारखा म्हणाला.

"चुकतंच ते," बुवा म्हणाले. "दिवसाला दोन घटका मागं पडतं. क्षार धरून भोक बारीक झालंय. मठात कोण घासत बसणार?"

"ठाऊक असून ठेवलंय?"

"ठाऊक आहे म्हणून ठेवलंय. दिवसाच्या शेवटी दोन मिळवल्या की झालं."

लिंबाजीला हसू येणार होतं. पण चार पिढ्यांचं रक्त, हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप झाला. दिवसाला दोन घटका मागं, म्हणजे एका घटकेला बारा श्वास. बारा श्वास बुवांच्या पात्राचे.

आणि मोजले होते अठरा.

"सहा उरले," बुवा म्हणाले. तेही मोजत होते. "ते कुणाचे?"

...

परातीच्या तळाशी दोन्ही पात्रं शेजारी शेजारी पडली होती.

"सूर्य उगवायच्या आधीच साठ होत्यात, बुवा," लिंबाजी म्हणाला.

"असं?"

"एकसष्टावं पात्र सोडायला लागतंय. ते काठापातूर भरत येतं तवा कुठं सूर्य दिसतो."

"मग?"

"मग मी ते गुपचूप ओतून देतो. आणि पहिला टोला हाणतो."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. आधी वाटलं, थंडीनं रात्र लांबली असंल. मग वाटलं, मोजण्यात चूक झाली असंल. मग वाटायचं बंद केलं."

"म्हणून पहाटेची पाळी."

"म्हणून."

ते बोलून झालं आणि लिंबाजीला रडू आलं. घासून घासून त्यानंच ते भोक मोठं केलं होतं, वडिलांपेक्षा चांगला चाकर व्हायच्या नादात. आणि सगळं गाव त्या टोल्यावर रोज थोडं लवकर जेवत होतं, थोडं लवकर निजत होतं, आणि वर लिंबाजीच्या निष्ठेचं कौतुक करत होतं. सारजालासुद्धा त्यानं हे सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

बुवांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. या खेपेला तो गटागटा प्याला.

"ते यंत्र काय ओतून देणार न्हाई," तोंड पुसत तो म्हणाला. "ज्या दिवशी ते मनोऱ्यावर चढंल, त्या दिवशी सगळ्यांना कळंल. म्हणून वाटतंय, त्याच्या आधीच भीमेश्वराला पळावं."

"मग पळाला का नाहीस?"

लिंबाजीनं त्यांच्याकडे बघितलं.

"भीमेश्वरालाबी सूर्य उगवतोच की, बुवा."

आता मात्र बुवा हसले. पोट धरून हसले. पावट्याची टोपली कलंडली तरी त्यांना पर्वा नव्हती. लिंबाजी आधी चिडला, मग त्यालाही रडता रडता हसू फुटलं. सहा वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी खाली उतरलं होतं. चाकरी होती तशीच टांगलेली होती, पण श्वास घेता येत होता.

दाणे दोघांनी मिळून गोळा केले.

"भोक दुरुस्त होत नाही का रे?" बुवांनी विचारलं.

"होतं की. तांबटाकडनं बुजवून घ्यायचं, मग सुईनं थोडं थोडं पाडायचं. रोज सूर्याशी ताडून बघायचं. आठ दिवसांचं काम."

"मग सहा वर्षं का?"

"आठ दिवस जुन्या पात्रावर का भागवलं, हे सांगायला लागलं असतं."

"हं."

लिंबाजीनं आपलं पात्र पाण्यातून काढलं. शेल्यात गुंडाळता गुंडाळता तो थांबला. त्याच्या कपाळावर एक नवीनच आठी पडली होती, काळजीची नव्हे.

"बुवा, ते यंत्रबी चुकत असंल का हो?"

"मला काय ठाऊक? मी बघितलं नाही. तूही बघितलं नाहीस."

"न्हाई, म्हंजे... त्याच्याबरोबर आलेला तो कारागीर हाय. तो रोज भर दुपारी अंगणात काठी रोवतो. सावली बघतो. मग आत येऊन काटा जरासा सरकवतो."

"मान फिरवून बरंच दिसतं तुला."

लिंबाजी ओशाळला. पण गप्प बसला नाही.

"चुकत नसतं, तर सरकवला कशाला असता? म्हंजे चुकतंय. रोज चुकतंय. किती चुकतंय ते त्यानं मोजलंय का? कारागीर तर आषाढाच्या आधी जाणार. मग सावली कोण बघणार?"

"कोण बघणार?"

"मला काय ठाऊक," लिंबाजी म्हणाला, आणि आपण हे कुणासारखं बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

...

ऊन कलायला लागलं होतं. लिंबाजी उठला, बुवांच्या पाया पडला. पायरी उतरला. तिथून पुन्हा मागं वळला.

"पर बुवा, माझं राहिलंच. राहू का जाऊ?"

बुवांनी टोपलीतली एक शेंग उचलली.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. एवढंच सांगा. भीमेश्वराला नुसतं विचारायला गेलो, आणि ते म्हणाले, अठरा वर्षांची चाकरी का सोडतोस... तर काय सांगू?"

"तुला काय ठाऊक आहे?"

"एकसष्टावी घटका."

"मग तीच."

"आणि सरकारांना?"

"त्यांच्यासाठी वेगळी आणणार होतास?"

लिंबाजी पायरीखाली उभा राहिला. एका बाजूला देवखडीची वाट होती, दुसऱ्या बाजूला भीमेश्वराची. दोन्ही वाटांवर सारखीच धूळ होती.

"हे ऐकल्यावर मला ठेवील कोण, बुवा?"

मंगळगिरीबुवांनी हातातली शेंग खाली ठेवली. ते पडवीच्या कडेला सरकले आणि पुढं वाकून त्याच्याकडे बघू लागले.

"मलाही तेच बघायचंय. कळलं की येऊन सांग."